उत्तर माहीत नसलेला प्रश्न

सरांना कुणी "काय सर, बरंय ना?" असं विचारलं, की ते जागच्या जागी उभे राहत. विचारणारा तोवर चार पावलं पुढे गेलेला असे. सर त्याला हाक मारून परत बोलावत आणि म्हणत, "तुम्हाला खरंच ऐकायचंय का? ऐकायचं असेल तर सांगतो. परवापासून डावा गुडघा दुखून राहिला." लातूरच्या बाजारात सर दिसले की रस्ता ओलांडून पलीकडे जाणारी माणसं मी पाहिली आहेत. आणि एकदा त्यांच्या तावडीत सापडल्यावर हातातला चहा निवून गेला तरी न हललेली माणसंही पाहिली आहेत.

ते गेल्याला आता महिना होऊन गेला. मी मुळात कमी बोलणारा, लिहिणारा तर त्याहून सावकाश. एक वाक्य लिहितो, उठून खिडकीशी जातो, परत येऊन बसतो. सर असते तर मागे उभे राहून त्यांनी एकच शब्द उच्चारला असता, "मग?" हा त्यांचा लाडका शब्द. समोरचा बोलून थांबला की सर भुवया उंचावून "मग?" म्हणत, आणि आपलं सांगून संपलं असं समजणाऱ्या माणसाच्या ध्यानात येई, की खरं सांगायचं अजून राहिलंच आहे.

आम्ही दोघं एकाच शिकवणीत शिकवत होतो. मी रसायनशास्त्र, ते प्राणिशास्त्र. भूकंपाला काही वर्षं झाली होती. भिंतींच्या भेगा बुजल्या होत्या, पण रंग जुळला नव्हता. बाहेरगावची मुलं ट्रंका आणि गाद्यांच्या वळकट्या घेऊन बसस्टँडवर उतरत होती, आणि घरमालक गोठे पाडून खोल्या काढत होते. सर म्हणत, "भूकंपानं पाडलं, शिकवणीनं बांधलं. आपल्या गावाला सरळ असं काही होतच नाही."

वर्गात सरांच्या टेबलावर स्टीलचे पेले एकावर एक पालथे रचलेले असत. भूकंपानंतर आमच्याकडे घरोघरी अशी भांडी रचून ठेवत. जमीन हलली की आधी ती वाजतील आणि आपल्याला बाहेर पळता येईल, एवढाच हिशोब. पुढे लोकांची भीती सरली तशी भांडी मांडणीत परत गेली. सरांनी मात्र आपली रास वर्गात आणली. बाहेरून डाळीचे ट्रक जात. ट्रक गेला की पेले किणकिणत, आणि सर बोलता बोलता एक बोट वर करून थांबत. सगळा वर्ग दाराकडे बघे. किणकिण थांबली की सर अडलेल्या शब्दापासून पुढे सुरू. "बेडकाच्या हृदयाला तीन..." बोट वर. ट्रक जाईपर्यंत शांतता. "...कप्पे असतात." वर्गातली मुलं म्हणत, सर थांबलेलं वाक्य कधी विसरत नाहीत.

मुलांना प्रश्न विचारायला मात्र सर तयार नसत. "मला उत्तर माहीत आहे. मग मी कशाला विचारू? तुम्ही विचारा." शिकवणीचे मालक ह्यावरून कुरकुरत. गावात सगळीकडे चार पर्यायांचे प्रश्न चालले होते आणि चारांतला एक बरोबर शोधायला मुलं रात्रंदिवस झटत होती. सर म्हणत, "ज्याचं उत्तर विचारणाऱ्याला आधीच ठाऊक असतं, तो परीक्षेचा प्रश्न. त्यानं मार्क मिळतात, माणूस मिळत नाही."

ह्या वाक्याचा अर्थ मला कळला तो माझ्या लग्नाच्या भानगडीत.

माझे वडील लवकर गेले, त्यामुळे मुली बघण्याचं काम मामांकडे होतं. पहिल्या ठिकाणी मी तोंडच उघडलं नाही. पोहे खाल्ले आणि परत आलो. दुसऱ्या ठिकाणी जाताना मी तयारी केली. शिकवणीतला माणूस दुसरं काय करणार? संभाव्य प्रश्न काढले, त्यांचा क्रम लावला. आम्हा दोघांना गच्चीवर बोलायला पाठवलं तेव्हा मी पहिला प्रश्न विचारला, तुमचा विषय कोणता? ती म्हणाली, भूगोल. मी म्हणालो, "बरोबर." मग छंद विचारला. विणकाम, ती म्हणाली. मी म्हणालो, "बरोबर. पुढचा." माझ्या तोंडून काय जातंय ते मला कळतही नव्हतं, दिवसभर वर्गात तेच तर म्हणत होतो. त्यांच्याकडून मामांना निरोप आला, की मुलीला आता कुठलीही परीक्षा द्यायची नाही.

शिकवणीत ही गोष्ट पसरली आणि सगळे हसले. सर हसले नाहीत. त्यांनी मला बाजूला घेतलं आणि गंभीरपणे म्हणाले, "मास्तर, तुझा अभ्यास चांगला आहे. फक्त विषय चुकला."

तेव्हापासून त्यांनी मला शिकवायला घेतलं. दर रविवारी ते मला गंजगोलाईच्या बाजारात नेत. एक बाई बोरं विकायला बसे. सरांनी सांगितलं, भाव न विचारता हिच्याशी बोलून दाखव. मी तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो. बोरांकडे बघितलं, आकाशाकडे बघितलं. शेवटी ती बाईच म्हणाली, "घ्यायचं नसंल तर उन्हात ऱ्हावा की. सावली माझी हाय." सर मागून म्हणाले, "बघ, ती बोलली. तुझं काय?"

मग ते स्वतः पुढे झाले. बाईनं थोडी बोरं टोपलीत न ठेवता पदराखाली ठेवली होती. सरांनी विचारलं, ही वेगळी का? ती आधी सावध झाली, मग म्हणाली, ती किडकी आहेत पण गोड आहेत, ती घरी न्यायची. आणि मग किडीला गोड कसं कळतं, सुनेला कसं कळत नाही, आणि सुनेच्या माहेरी बोरीच नाहीत तर तिला तरी कसं कळावं, असं ती कितीतरी वेळ सांगत राहिली. सर मधून मधून "मग?" म्हणत होते. निघताना तिनं त्या पदराखालच्या बोरांतली मूठभर आम्हाला दिली.

"काय शिकलास?" सरांनी विचारलं. मी म्हणालो, निरीक्षण करावं. "हे तू परीक्षेचं उत्तर दिलंस," सर म्हणाले. "मला त्या बोरांचं खरंच माहीत नव्हतं. बाईला ते दिसलं, म्हणून ती बोलली. ज्याचं उत्तर माहीत नाही ते विचार. बिलकुल माहीत नाही ते."

नांदेडचं स्थळ आलं तेव्हा मी घाबरलो, कारण ती मुलगी मी आधी पाहिलेली होती. पेपर तपासायला नांदेडला गेलो असताना एका कॉलेजच्या ग्रंथालयात. ती तिथं काम करत होती. मी मागितलेलं पुस्तक काढायला ती कपाटाशी गेली, आणि तिथंच उभ्यानं ते वाचायला लागली. पान पूर्ण झाल्यावर तिनं पुस्तक मिटलं आणि माझ्या हातात दिलं. माफी मागितली नाही, हसली नाही. एवढंच. पण मी परतीच्या बसमध्ये तेवढंच आठवत बसलो होतो. आता मामांनी दाखवलेल्या फोटोत तीच होती.

मी सरांना हे सांगितलं. त्यांनी विचारलं, कोणत्या पानावर होती ती? मी म्हणालो, बघितलं नाही. "मास्तर, जे बघायचं तेच सोडून तू काय बघत होतास?"  आणि माझा चेहरा बघून सरच म्हणाले, "मी येतो नांदेडला."

मामांनी बजावून ठेवलं होतं, की ह्यावेळी मुका राहिलास तर ह्यापुढे मी कुणाच्या दारात यायचा नाही, तुझं तू बघ. आणि मला हेही कळलं होतं, की तिनंही आलेली काही स्थळं नाकारलेली होती.

लातूरहून निघालेली एस.टी. अहमदपूरला थांबली, तिथं मामा झोपले. मी सरांना विचारलं, तुम्ही हे बोलणं कुठं शिकलात?  मग त्यांनी सांगितलं.

भूकंपानंतर ते निलंग्याकडच्या एका गावात मदतीला गेले होते. लोक पत्र्याच्या शेडमध्ये राहत होते. येणारा प्रत्येकजण त्यांना एकच विचारी, घरातले किती गेले? एक म्हातारी होती. तिला इतक्यांनी विचारलं होतं, की सरांना बघताच तिनं न विचारता सांगायला सुरुवात केली. नावं, नाती, वयं. पाढे म्हणावेत तशी. सरांना ते ऐकवेना. तिला थांबवावं म्हणून ते काहीतरी बोलले. म्हणाले, "आजी, तुमची म्हैस दूध किती द्यायची?"

म्हातारी थांबली. म्हणाली, "म्हस कुठली? गाय होती. आन दूध कसलं, लाथा द्यायची." आणि मग ती त्या मारक्या गाईविषयी बोलू लागली. तिनं कुणाकुणाला पाडलं, थोरल्या लेकाला कसं बाभळीवर चढायला लावलं, लेक वरून कसा ओरडत होता आणि बाकीचे खाली कसे हसत होते. बोलता बोलता ती मेलेली सगळी माणसं त्या शेडमध्ये आली, सर म्हणाले, चालती बोलती, भांडणारी. म्हातारी त्या दिवशी पहिल्यांदा रडली, आणि रडून झाल्यावर जेवली.

"मी शिकलो नाही, मास्तर," सर म्हणाले. "चुकून लागलं. आणि एक ध्यानात ठेव, नांदेडच्या मुलीला भूकंपाच्या रात्री कुठं होता ते विचारू नको. ते सगळ्यांचं पाठ झालंय."

नांदेडचं घर बागाईतदाराचं होतं. मूळची अर्धापूरकडची शेतकरी मंडळी, शिक्षणासाठी शहरात येऊन राहिलेली. पुढे बैठक, मागे लांबट पडवी. मी मनात एक विषय धरून ठेवला होता. पुस्तकाचा. कोणतं पान वाचत होतात, हे मला खरोखरच माहीत नव्हतं आणि ते मला खरोखरच हवं होतं. पण ती चहा घेऊन आली आणि बसते न बसते तोच मामांनी विचारलं, "काय बाई, वाचायची लई आवड हाय म्हणे?"

"हो," ती म्हणाली.

तो आवाज मी ओळखला. फळ्यासमोर उभ्या केलेल्या मुलाचा आवाज. माझा विषय तिथंच मेला.

थोड्या वेळानं आम्हा दोघांना पडवीत पाठवलं. दोन खुर्च्या समोरासमोर मांडल्या होत्या. ती खाली बघत होती आणि प्रश्नाची वाट बघत होती. मी तोंड उघडलं, मिटलं. आत मामा खाकरले.  मी तिच्या खांद्यावरून पलीकडे बघितलं. पडवीच्या तुळईला केळ्यांचा एक मोठा घड दोरीनं टांगलेला होता. हिरवा. आणि त्याची सगळी केळी वर तोंड करून होती.

"हा घड उलटा टांगलाय का?" मी विचारलं.

तिनं मान वर केली. आधी घडाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "उलटा?"

"केळी वर बघतायत."

"ती वरच बघतात." तिच्या ओठाच्या कडेला काहीतरी हललं. "तुम्ही कधी झाडावर केळं बघितलं न्हाई?"

"नाही. आमच्याकडं तूर."

ती हसली. तोंडावर हात न घेता हसली. मग उठून घडाजवळ गेली आणि मला दाखवू लागली. फुटताना केळं जमिनीकडे बघतं, मग हळूहळू उजेडाकडे वळतं. ही वरची फणी आधी पिकते, खालची शेवटी. घरात वरच्या फणीवरून भांडणं होतात. मी मध्येच काही विचारत होतो, आणि मला आश्चर्य वाटत होतं की प्रश्न मला शोधावे लागत नव्हते. एकातून दुसरा निघत होता.

मग तिनं अचानक विचारलं, "तुम्ही केमिस्ट्री शिकवता ना? मग केळी कशानं पिकतात ते सांगा."

हे मला येत होतं. फळातून इथिलीन वायू सुटतो. ते मी सांगितलं, आणि सांगताना माझा आवाज वर्गातला झाला, हे मलाच ऐकू आलं. तिनंही ऐकलं असावं. ती म्हणाली, "ते मला माहीत आहे. मला दुसरं विचारायचंय. आमची आजी केळी पिकत घालताना कडुलिंबाचा पाला घालायची. दुसरा कुठला चालायचा नाही. कडूच का?"

मी विचार केला. आमच्या धंद्यात शिक्षकानं मुलांपुढे एक गोष्ट कधी म्हणायची नसते. येत नसलं तरी काहीतरी ठोकून द्यायचं, नाहीतर मुलं दुसऱ्या शिकवणीत जातात. शिकवायला लागल्यापासून मी ती कधीच म्हटली नव्हती.

"मला माहीत नाही," मी म्हणालो.

"खरंच माहीत नाही?"

"बिलकुल नाही."

ती परत येऊन खुर्चीवर बसली. ह्यावेळी ऐसपैस बसली. म्हणाली, "इथं आजवर आलेल्या सगळ्यांना सगळं माहीत होतं."

नंतर आम्ही काय काय बोललो ते सगळं मला सांगता येणार नाही. उन्हाळ्यातलं वादळ आलं की तिचे वडील गावाकडे जाऊन रात्रभर केळीच्या बागेच्या बांधावर बसतात आणि बसून काही उपयोग नसतो, हे तिनं सांगितलं. लग्नानंतर ग्रंथालय सोडायचं नाही, हेही सांगितलं, आणि मी म्हणालो, सोडूच नका, मला तुम्ही तिथंच आधी दिसलात. त्या पानाचं विचारलं. तिला ती वेळ आठवत होती, पान नाही. त्यावरून ती मलाच म्हणाली, "तुम्ही का नाही बघितलं?"

इतका वेळ आम्हाला कुणी हाक कशी मारली नाही, हे मला बैठकीत परतल्यावर कळलं. भिंतीवर दोन घड्याळं होती आणि दोन्हींत वेगळी वेळ. सरांनी तिच्या वडलांना विचारलं होतं, ह्यातलं खरं कोणतं? वडील म्हणाले, डावं. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, उजवं. मग एक घड्याळ आईच्या माहेरचं निघालं, दुसरं वडलांनी गाडी चुकू नये म्हणून पुढे केलेलं निघालं, आणि एकदा ह्यामुळेच गाडी चुकल्याची गोष्ट निघाली. आई दोनदा आम्हाला बोलवायला पडवीकडे निघाली आणि दोनदा सरांनी "मग?" म्हणून तिला परत ओढलं. मामा तेवढे कंटाळून बसले होते.

मी आत येऊन बसलो. सरांनी माझ्या तोंडाकडे एकदा बघितलं आणि एक बोट वर केलं, जणू कुठंतरी पेले वाजले होते. मग चहा संपवला.

लग्न त्याच उन्हाळ्यात झालं. मंगल कार्यालयात सर प्रत्येक वऱ्हाड्याला काहीतरी विचारत फिरत होते. पुढे शिकवण्यांच्या इमारती झाल्या, मजले चढले, वर्गात माईक आला. सरांनी एक दिवस आपले पेले पिशवीत भरले आणि घरी नेले. "माईकमध्ये किणकिण ऐकू येत नाही," एवढंच म्हणाले.

त्यांनी लग्न केलं नव्हतं. थोरली विधवा बहीण त्यांच्याजवळ राही. आम्ही त्यांना आक्का म्हणत असू. सर गेल्यावर मी आणि बायको भेटायला गेलो, तेव्हा आक्का भिंतीला टेकून बसल्या होत्या. आमच्या आधी आलेले लोक विचारत होते, कसं झालं, कितीला झालं, जेवले होते का. आणि आक्का सांगत होत्या. सकाळी उठला, चहा घेतला, खुर्चीत बसला, मान कलली. आमच्यासमोर आणखी एक कुटुंब आलं आणि आक्कांनी तेच, त्याच शब्दांत, पुन्हा सांगितलं. मी तो आवाज ओळखला.

लोक गेले. आम्ही तिघंच राहिलो. बायको माझ्याकडे बघत होती. अशा ठिकाणी तीच बोलते, मी मान हलवतो, हे आमचं इतक्या वर्षांचं ठरलेलं. पण त्या दिवशी माझ्याकडे एक प्रश्न होता. इतकी वर्षं सरांबरोबर काढून मला त्याचं उत्तर माहीत नव्हतं.

"आक्का," मी म्हणालो, "सर कधी मुलगी बघायला गेले होते का हो?"

आक्कांनी मान वर केली. माझ्याकडे नीट बघितलं. मग त्यांच्या सुकलेल्या तोंडावर हळूहळू हसू आलं.

"गेला होता की. एकदाच. उदगीरला. मीच घेऊन गेले होते. पोरगी येऊन समोर बसली, आन ह्यानं बशी संपवली, पाणी पिला, आन भिंतीवरचं कॅलेंडर वाचत बसला. दोघांना आतल्या खोलीत बसवलं, तर तिथंबी कॅलेंडर. निरोप आला, पोरगा शिकलेला हाय, पण मुका हाय का? घरी येऊन मला म्हणतो, आक्का, पोरगी लई चांगली होती, तिला काय विचारावं तेच सुचलं न्हाई."

आक्का थांबल्या. 

"मग?" माझ्या बायकोनं विचारलं.

"मग काय. दुसरीकडं चल म्हणलं तर आला न्हाई. कवा बोललाबी न्हाई त्यावर. पर तुमच्या नांदेडाहून आला ना त्या दिवशी, तो पेढे घेऊनच आला. सगळ्या गल्लीत दारोदार वाटले. मला म्हणाला, आक्का, जमलं. मी म्हणलं, कुणाचं रे जमलं? तर म्हणतो कसा..."

बाहेरून ट्रक गेला. फडताळावर रचलेले पेले किणकिणले. आक्कांनी एक बोट वर केलं. आम्ही तिघंही दाराकडे बघत थांबलो. ट्रक लांब गेला, शेवटचा पेला शांत झाला.

"...आपलं," आक्का म्हणाल्या.